मुलांच्या हाती घराचा हिशेब

1 जून 2017 रोजी आमच्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. शेतमाल शहरात धाडायचा नाही, दूध डेअरीला घालायचे नाही, असा तो निर्धार होता. कर्जमाफी आणि मालाला रास्त भाव या त्यातील मुख्य मागण्या. त्या दिवसांत ठिकठिकाणी रस्त्यावर दूध ओतले गेले. आमच्या शेजारच्या घरातील आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने ते पाहिले आणि घरी येऊन वडिलांना विचारले, "आप्पा, मी ताटात भात टाकला तर तुम्ही रागावता. मग आज एवढं दूध का ओतून दिलं?" आप्पांनी "तुला नाही कळायचं, जा खेळ" असे म्हणून त्याची बोळवण केली. आम्ही तेथेच ओट्यावर बसलो होतो. पंचवीस वर्षे कामगारांच्या सभांतून बोलण्याचा सराव असूनही त्या पोराला आमच्याकडूनही धड उत्तर मिळाले नाही.

उत्तर वास्तविक अवघड नव्हते. एक लिटर दूध काढायला चारा, पेंड, औषध आणि घरच्या माणसांचे श्रम मिळून काय पडते, आणि डेअरीतून हाती काय येते, या दोन आकड्यांची वजाबाकी तिसरीतल्या मुलालाही करता येते. अडचण एवढीच होती की ती वजाबाकी त्या घरात कोणी कधी मुलासमोर मांडली नव्हती.

या व्याख्यानमालेत मुलांना पैशाचे शिक्षण कसे द्यावे याविषयी बोला, असे चालकांनी सुचविले, तेव्हा आम्हांला त्या पोराचाच प्रश्न आठवला. आम्ही शाळामास्तर नाही व अर्थशास्त्राचे पदवीधरही नाही. शाळा दहावीला संपली. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. आमचा अधिकार एवढाच की पगाराच्या दिवशी आणि पगार थकल्याच्या दिवशीही शेकडो घरांचे हिशेब आम्ही जवळून पाहिले आहेत. त्यावरून आमचे मत असे झाले आहे की, मुलांना पैसा शिकविण्याची पहिली आणि मुख्य पायरी म्हणजे घराचा हिशेब त्यांच्यापासून न लपविणे. मातीचा गल्ला, बँकेचे खाते, शाळेतले धडे ही सारी पुढची गोष्ट.

झाकली मूठ

आमचे वडील एका कारखान्यात हंगामी कामगार होते. हंगाम असेतो पगार, नंतर मिळेल ते काम. पैशाची गोष्ट त्यांनी आम्हां भावंडांसमोर कधी काढली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही त्यांची रीत. आम्ही दहावीला असताना कारखाना बंद पडला आणि दोन महिन्यांत तीन माणसे दारात येऊन उभी राहिली: एक किराणा दुकानदार, एक भुसार व्यापारी आणि एक व्याजाने पैसे देणारा. तोवर घरावर कर्ज आहे हे आम्हांला ठाऊकच नव्हते. विशेष हे की त्याच वर्षी शाळेत चक्रवाढ व्याजाची उदाहरणे आम्ही बिनचूक सोडवीत होतो. पुस्तकातले व्याज कळत होते. घरावर चढत होते ते दिसत नव्हते.

एवढे सोसूनही पुढे आम्ही तीच चूक केली. आमच्या एका दीर्घ संपाच्या वेळी चार महिने घरात पगार नव्हता. मुलगी आठवीत होती. तिला शाळेच्या सहलीला जायचे होते. "पैसे आहेत ना?" असे तिने विचारले, आणि आम्ही "आहेत की" म्हणालो. पुढे ती साखर आणायला गेली तेव्हा दुकानदाराने चार गिऱ्हाइकांदेखत मागची बाकी तिला सांगितली. ती घरी आली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही सभेत सगळ्यांना संपाचा हिशेब सांगता, मला का नाही सांगितला?" त्या प्रश्नाने आम्ही जेवढे खजील झालो, तेवढे मालकाच्या कोणत्याही वकिलाने आम्हांला केले नाही. त्याच रात्री आम्ही सगळे देणे कागदावर मांडून तिच्यापुढे ठेवले. सहलीचे नाव तिने आपणहून सोडले. मूल हट्ट करते ते बहुधा त्याला आकडा माहीत नसतो म्हणून, हे आम्ही त्या रात्री शिकलो.

मुलांच्या कोवळ्या मनावर चिंतेचा भार कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की भार त्यांच्यावर पडलेलाच असतो. आईबापांचे दबक्या आवाजातले बोलणे, आईच्या कानातले एकाएकी नाहीसे झालेले सोने, या गोष्टी मुले पाहतातच. आकडा कळला की भीतीला माप मिळते. मात्र सांगण्याची रीत हवी. "तुझ्यापायी एवढा खर्च होतो" असे म्हणणे म्हणजे शिक्षण नव्हे, तो जाच आहे. "एवढे आले, एवढे गेले, एवढे उरले, आता काय करू या?" असे म्हणणे हे शिक्षण.

घरातले कागद

यासाठी निराळे पुस्तक विकत आणावे लागत नाही. आपल्या भागातील प्रत्येक घरात पैशाचे धडे कागदांच्या रूपाने पडलेले असतात. उसाचे बिल, कांद्याची पट्टी, पगाराची पावती, सोसायटीचा उतारा, आईच्या बचत गटाची वही. हे कागद खुंटीच्या पिशवीतून काढून मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावेत.

उसाचे बिल घ्या. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरविलेला रास्त व किफायतशीर दर 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये होता. समजा, एका घरचा 40 टन ऊस त्याच उताऱ्याने गेला. दर गुणिले टन, म्हणजे 1,42,000 रुपये. मूल म्हणेल, आपण लखपती! आता त्याला पुढची ओळ वाचू द्यावी. तोडणी-वाहतूक वजा. उदाहरणादाखल टनाला 900 रुपये धरले तर 36,000 गेले, राहिले 1,06,000. बी-खत-पाण्यासाठी सोसायटीचे 60,000 पीककर्ज घेतलेले, ते परस्पर कापून गेले. हाती आले 46,000. ऊस शेतात उभा राहिला वर्षभर. बाराने भागा: महिन्याला 3,833 रुपये. ज्या मुलाने हा भागाकार स्वतःच्या हाताने केला, त्याला 15,000 रुपयांचा फोन म्हणजे घराच्या जवळजवळ चार महिन्यांच्या उसाचे पैसे, हे कोणी सांगावे लागत नाही.

कांद्याच्या पट्टीवर भाव आणि वजन वर असते. हमाली, तोलाई खाली. गावापासून बाजार समितीपर्यंतचे भाडे कित्येकदा पट्टीवर नसतेच, ते मुलाने आपल्या हाताने खाली मांडावे. पगाराच्या पावतीवर फंडाची कपात असते. कामगाराच्या पोरांना वाटते की मालकाने पैसे खाल्ले. त्यांना सांगावे की मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के आपले कापले जातात, मालकालाही तेवढीच भर घालावी लागते, आणि ही आपल्या म्हातारपणाची शिदोरी आहे. तसेच मालकाने फंड खरोखर भरला की नाही हे दरवर्षी तपासायचे असते, हेही त्याच वेळी सांगावे. विश्वास ठेवणे आणि तपासून पाहणे या दोन्ही गोष्टी पैशाच्या शिक्षणात बरोबरीने याव्यात.

उचल: एक शब्द, दोन अर्थ

आमच्या गोदाकाठी एक शब्द प्रत्येक पोराच्या कानावर पडतो, तो म्हणजे 'उचल'. ऊस देणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी 'पहिली उचल' म्हणजे घातलेल्या उसाच्या पैशाचा पहिला हप्ता. तो त्याच्या मालाचा मोबदला आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावयास हवेत, आणि उशीर झाला तर सालाला 15 टक्के व्याज देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. उलट ऊसतोड कामगाराची 'उचल' म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. ते श्रमाआधीचे कर्ज होय. एकाची उचल त्याचे येणे, दुसऱ्याची उचल त्याचे देणे. आपण वापरतो तो पैसा यांपैकी कोणता, हा प्रश्न मुलाने जन्मभर स्वतःला विचारावा, असे आम्हांला वाटते.

जानेवारी 2024 मध्ये झालेल्या करारात तोडणीचा दर टनाला 366 रुपये ठरला. एका कोयत्याने, म्हणजे नवराबायकोच्या जोडीने, लाखाची उचल घेतली तर ती फिटायला सुमारे 273 टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तर 136 दिवस, म्हणजे साडेचार महिने. त्यात आजारपणाचा एक दिवस नाही, आणि रोजच्या पोटासाठी घेतलेली खर्ची तर निराळीच.

हा हिशेब आम्ही गावाबाहेर उतरलेल्या एका टोळीत मांडला होता. त्या टोळीतल्या सातवीपर्यंत शिकलेल्या एका मुलीने तो मनावर घेतला आणि वजनकाट्याच्या पावत्यांवरून आपल्या आईबापांचे रोजचे टन वहीत उतरवून ठेवले. हंगाम संपताना मुकादमाच्या वहीत आणि तिच्या वहीत 18 टनांचे अंतर निघाले. मुकादम आधी खेकसला. आम्ही मध्ये बसलो. पावती पावतीला लावून पाहिली, तेव्हा 7 टन मुलीनेच दोनदा लिहिलेले आढळले. 11 टन मुकादमाकडून राहून गेले होते. ते त्याने मान्य केले. कुटुंबाच्या नावे 4,026 रुपये जमा पडले. मुलीने आपली सात टनांची चूक सर्वांदेखत कबूल केली, म्हणूनच मुकादमालाही आपली कबूल करणे सोपे गेले, असे आमचे मत आहे. हिशेबाला गरीब-श्रीमंत कळत नाही. कागद खरा असला की तो दोघांनाही वाकवतो.

वयाप्रमाणे वाटा

मुलांच्या हाती पैसा केव्हा आणि किती द्यावा, याचा ठोकताळा आम्ही असा घालतो.

दहा वर्षांच्या आत मुलाला आठवडे बाजारात बरोबर न्यावे. वीस-तीस रुपयांची एखादी खरेदी सर्वस्वी त्याच्यावर सोपवावी. भाजी महाग घेतली, सुटे कमी आणले, तर रागावू नये. दहा रुपयांची चूक दहाव्या वर्षी झाली तर ती स्वस्तात पडली असे समजावे.

दहा वर्षांनंतर त्याचे खाते त्याच्याच सहीचे असावे. टपाल खात्याच्या बचत बँकेत दहा वर्षांवरील मुलाला आपले खाते स्वतः चालविता येते. आपल्या देशात ही बँक 1882 पासून आहे. इतर बँकांनीही दहा वर्षांवरील मुलांना खाते स्वतंत्रपणे चालवू द्यावे, अशी मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 साली दिली व 2025 साली त्याविषयीचे नियम नव्याने सांगितले. आमच्या लहानपणी शाळेत संचयिका असे. मुलेच पैसे घेत, मुलेच वहीत मांडत, गुरुजी तपासत. आमच्या वर्गाच्या संचयिकेचे कारकून आम्हीच होतो. एकदा पन्नास पैशांचा मेळ लागेना म्हणून शाळा सुटल्यावर तासभर बसलो होतो. पुढे युनियनच्या वर्गणीचे हिशेब ठेवताना तोच तास कामी आला. अशी शाळेतली बँक पुन्हा जोमाने चालावी असे आम्हांला मनापासून वाटते.

पैसा कोठे ठेवावा हेही याच वयात सांगावे. अधिक व्याजाच्या आशेने आम्ही एका पतसंस्थेत ठेव ठेवली आणि ती बुडाली. बँकेतल्या ठेवीला, मग ती बँक सहकारी का असेना, 2020 पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. हा फरक आम्हांला चाळिशीत कळला. मुलांना तो बाराव्या वर्षी कळावा.

चौदा ते अठरा हे वय व्याज शिकण्याचे. बाजारात 'शेकडा तीन' म्हणतात तेव्हा ते महिन्याचे असते, सालाचे छत्तीस टक्के. दहा हजारांवर महिन्याला तीनशे; तेहतीस-चौतीस महिन्यांत व्याजच मुदलाएवढे होते. आपल्या जुन्या रूढीत दामदुपटीचा नियम होता, व्याज मुदलाहून वर चढू नये असा. वाडवडिलांना हा सापळा ठाऊक होता, हे त्यावरून दिसते. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. दुसऱ्या बाजूस, सोसायटीचे पीककर्ज वेळेत फेडले तर तीन लाखांपर्यंत शेतकऱ्याला व्याज पडू नये, असा निर्णय राज्य सरकारने 2021 साली घेतला. एकाच गावात, एकाच पेठेत, पैसा छत्तीस टक्क्यांनी मिळतो आणि बिनव्याजीही मिळतो. दोहोंमधला फरक केवळ माहितीचा आणि वेळेवर फेडीचा असतो. हा मुलाने सोळाव्या वर्षी कागदावर करून पाहावा.

आता फोनविषयी. 2016 पासून फोनवरून पैसे देण्याची सोय आली आणि पैसा हातातून जाताना दिसेनासा झाला. आमच्या एका कामगाराच्या मुलाने आईच्या बचत गटाचा हप्ता फोनवरच्या पत्त्यांच्या खेळात घालविला आणि महिनाभर ती गोष्ट दडवून ठेवली. पैशावर खेळायच्या अशा खेळांना संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायद्याने बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु मुलाने ती गोष्ट दडविली का? त्या घरात पैशाची गोष्ट दडवायचीच असते, हे तो लहानपणापासून शिकला होता. म्हणून आमचा आग्रह असा की रविवारी सकाळी घरातल्या सर्वांनी आठवड्याचा हिशेब एकत्र वाचावा, आणि त्यात बापाची तंबाखूही लिहिलेली असावी. बापाचा खर्च वहीत नसेल तर मुलाचाही येणार नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार 1872 च्या करार कायद्याप्रमाणे त्याला बांधत नाही. प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली तो निकाल पक्का केला. कायद्याने मुलाभोवती अशी भिंत घातली आहे. अठराव्या वाढदिवशी ती भिंत पडते, आणि दुसऱ्याच दिवशी हप्त्यावर गाडी देणारा दारात येतो. तोवरच्या आठ वर्षांत जे शिकविले तेवढेच त्याच्याजवळ असते.

दोष कोणाचा?

येथे आम्हांला एक सावधगिरीची सूचना करावयाची आहे. काटकसरीचे धडे देणारे पुष्कळ लोक नकळत असे सुचवितात की गरीब माणूस गरीब आहे तो उधळ्या म्हणून. हे खोटे आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर एक मागणी अशी होती की मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा. ज्याला पगार केव्हा मिळेल हेच ठाऊक नाही, तो महिन्याचा अंदाज कसा बांधणार? त्याला उधारी करावीच लागते. मुलाला हेही कळले पाहिजे की हिशेबातील काही ओळी आपल्या हातच्या असतात आणि काही नसतात. आपल्या हातच्या ओळी आपण सुधाराव्यात. हातच्या नसलेल्या ओळींसाठी चार माणसे एकत्र यावीत.

एकत्र येण्याचा धडा आमच्याच राहाता तालुक्यात घडला आहे. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी 1923 साली गावात सहकारी पतपेढी काढली. सावकाराच्या दाराशी जाणे टळावे हा हेतू. त्याच वाटेने पुढे 1950 साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थशास्त्रज्ञ त्याचे अध्यक्ष झाले. फारसे शालेय शिक्षण नसलेला शेतकरी आणि विद्वान प्राध्यापक एका वहीवर वाकून बसले, म्हणून ते घडले. तिकडे साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांना श्रम करून शिकण्याची वाट दाखविली. 'कमवा आणि शिका' या बोधाचा अर्थ मात्र कोणी मुलांना मजुरीला जुंपण्याचा घेऊ नये. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, आणि आम्ही युनियनवाले तर तो गुन्हाच मानतो. शाळा सांभाळून घरच्या कामाला हात लावणे निराळे, मुलाच्या कमाईवर घर चालविणे निराळे.

पुणतांब्यात गोदावरीच्या काठी चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याने ज्ञानदेवांना पत्र लिहावयास घेतले, पण मायना काय घालावा हे न सुचून कोरेच पत्र धाडले, आणि एवढे जगून हा कोराच राहिला अशी मुक्ताबाईंनी थट्टा केली, ही कथा आमच्या गावच्या पोरांना पाठ असते. मुले अठरा वर्षे आपल्या घरात वाढतात, आणि पैशाच्या बाबतीत आपण त्यांना कोरीच बाहेर धाडतो. थट्टा मग मुलांची होते. दोष आपला असतो.

ज्या मुलाने 2017 साली दुधाविषयी विचारले, तो आता कॉलेजात जातो. मध्यंतरी त्याच्या आप्पांनी गायीचा हिशेब एका शंभरपानी वहीत मांडायला त्याच्याच हाती दिला. परवा तो आम्हांला वही दाखवायला आला होता. तीन महिने तोटा, एक महिना बरोबरी, दोन महिने थोडा नफा. "काका, त्या दिवशी दूध का ओतलं ते आता मला कळतं," तो म्हणाला, "पण ओतण्याआधी हा कागद लोकांना दाखवायला पाहिजे होता." त्याचे म्हणणे आम्हांला पटले. श्रोत्यांना आमची विनंती एवढीच आहे की आज घरी गेल्यावर खुंटीवरची कागदांची पिशवी खाली काढावी आणि पहिला कागद घरातल्या सर्वांत धाकट्या वाचणाऱ्याच्या हाती द्यावा.